मास्तरांच्या बैठकीतली माणसं

किल्ली सोप्यातल्या खुंटीला टांगलेली होती. एक यशोधरा सोडली तर आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो.

"आबा, बाबांना जाऊन एक रात्र उलटली," यशोधरा म्हणाली. "ओढा उतरायचं नाव घेत नाही. घर गळतंय, खाटेभोवती भांडी लावून बसलोय. आता थांबता यायचं नाही."

ती पागोळ्यांखाली उभी होती. मी दोनदा म्हटलं, वर ये. "भिजलीय वहिनी, सोपा ओला होईल," म्हणाली. सकाळपासून आमच्याच माणसांच्या पायांनी सोप्याचा चिखल झाला होता. वर न येण्याचं खरं कारण तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि खांबाला टेकून बसलेल्या बळवंताला तर चांगलंच ठाऊक होतं.

आबा म्हणजे माझे सासरे, चौगुल्यांच्या भावकीतले सगळ्यात वडील. बळवंत त्यांचा चुलत पुतण्या. आणि ती किल्ली होती स्मशानातल्या लाकडाच्या खोलीची. आमच्याकडं आषाढात पाऊस बसला की गणपतीपर्यंत हलत नाही. वाळलेलं लाकूड जपून ठेवावं लागतं. म्हणून ओढ्याच्या अलीकडं, उंचवट्यावर, पंचायतीनं पत्र्याची शेड घातली होती. शेजारी खोली बांधून तिच्यात लाकडं आणि सरण रचायचा लोखंडी सांगाडा ठेवला होता. शेड पंचायतीची, म्हणजे कागदावर सगळ्यांची; किल्ली मात्र आबांच्या खुंटीला. पण वस्तीतल्या माणसांची जागा पूर्वीपासून ओढ्यापलीकडं, उघड्यावर. उन्हाळ्यात कुणाच्या ते ध्यानातही यायचं नाही. त्या साली ओढ्यावरचा साकव वाहून गेला, पलीकडं जायची वाटच उरली नाही, आणि नेमके त्याच आठवड्यात वस्तीतले मास्तर, यशोधरेचे बाबा, गेले.

मास्तर शाळेतले नव्हेत, एसटीतले. सदाशिव मधाळे, कंडक्टर. एकदा घाटात त्यांची गाडी दरीच्या तोंडाशी जाऊन अडकली, तेव्हापासून त्यांची झोप उडाली. कुणीतरी ध्यानाच्या शिबिराला नेलं, तिथून परत आले ते वेगळेच होऊन. रिटायर झाल्यावर रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात डोळे मिटून बसायला लागले. गाव आधी पोट धरून हसलं. मग बळवंताची आई हौसाक्का, जिच्या डोळ्याला कित्येक वर्षं डोळा लागला नव्हता, ती जाऊन बसली आणि चक्क झोपायला लागली. मग गणपा सुतार गेला, मग मी गेले, असं करता करता व्हरांडा पुरेना. मास्तर फार बोलायचे नाहीत. "आत काय चाललंय ते बघा. खरं असेल ते बघा, बरं वाटेल ते नव्हे," एवढंच.

गंमत म्हणजे बैठकीला प्रत्येकजण आपापलं पोतं घेऊन यायचा. जाजम घालू म्हटलं तर कुणी हूं की चूं करेना. या पोत्याला ते पोतं लागू नये एवढं अंतर, डोळे मिटलेले असूनही, बरोबर राखलं जायचं. मास्तरांना ते दिसत होतंच. एकदा हसून म्हणाले, "डोळे मिटून कुठं कुठं जाऊन येताय तुम्ही, पोतं मात्र जिथल्या तिथं." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पोती होती तिथंच.

आबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांचा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एकदा दुधानं भरलेली चरवी त्यांनी सासूबाईंना फेकून मारली होती. त्या कानानं सासूबाईंना पुढं कधी ऐकू आलं नाही. सासूबाई गेल्यानंतर एका सकाळी आबा उठले आणि कुणाला न सांगता मास्तरांशेजारी जाऊन बसले. "मास्तर, मला राग येतो," म्हणाले. "मग राग बघा," मास्तर म्हणाले. आबांनी बघितला. खोटं कशाला सांगू, या घरात सुखानं घास गिळायला मी तेव्हापासून शिकले. मास्तरांचे माझ्यावर उपकार होते ते हे.

आणि आता तेच आबा मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी मास्तरांनी शिकवल्यासारखे ताठ बसले होते.

"पोरी," आबा सावकाश म्हणाले, "मास्तर माझा बी माणूस हुता. पर ह्यो गावाचा विषय हाय. मी एकटा कोण? उद्याच्याला पाणी उतरंल."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर बघू."

"काय बघू, आबा?" यशोधरेचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला. "बाबांचं अंग आता... मी काय सांगायचं तुम्हाला?"

आबांनी डोळे मिटून घेतले. श्वास आत, श्वास बाहेर. मला एकदम शिसारी आली. पूर्वीचे आबा असते तर त्यांनी तांब्या भिरकावला असता, शिव्या घातल्या असत्या, आणि निदान या पोरीला समोर भांडता तरी आलं असतं. या थंडगार नकाराशी तिनं भांडायचं कसं?

बळवंत खाकरला. "यशोधरा, तू शिकलेली हाईस, तुला कळतंय. आज एक किल्ली दिली की उद्या सगळंच मागाल. ज्याची त्याची जागा ठरल्याली हाय, ती कुणी आज ठरवली न्हाई."

"ज्यानं ठरवली त्याला पोहता येत असेल," ती म्हणाली.

बळवंताचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो तिच्याशी बोलायचाच थांबला आणि आबांकडं वळला. "आबा, साफ सांगतो. मागनं बोल नको. किल्ली हातातनं गेली, तर तुमच्या मढ्याला भावकीतला एक माणूस यायचा न्हाई. खांदा द्यायला तुमचा संपत आन भाड्याची माणसं."

संपत म्हणजे माझा नवरा. तो दाराच्या आत उभा होता. तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "देवळापाशी बळवंताची माणसं जमलीत. काठ्या हाईत. तू मधे पडू नगंस."

म्हणजे गोष्ट आता फक्त मास्तरांच्या मढ्याची राहिली नव्हती. वस्तीतली माणसं किती वेळ गप्प बसणार होती? किल्ली मिळाली नाही तर ती कुलूप तोडणार, तोडलं की काठ्या उठणार, आणि मग आणखी किती सरणं रचावी लागतील याचा नेम नव्हता. मी घरची सून, डोक्यावरचा पदर सासऱ्यांपुढं कधी ढळू दिला नव्हता. पण तोंडाची मात्र मी पहिल्यापासून फटकळ, माहेरीही त्याबद्दल मार खाल्लेला.

"आबा," मी उंबऱ्याच्या बाहेर येऊन म्हटलं, "मास्तर रोज काय सांगायचे? आत काय चाललंय ते बघा. आत्ता बघितलंसा का?"

"शालन!" संपत ओरडला.

आबांनी डोळे उघडले नाहीत. "बघितलं. काय न्हाई. शांत हाय."

"शांत न्हाई, आबा. भ्यालाय तुम्ही."

बोलून गेले. भावकीसमोर, वस्तीतल्या बाईसमोर, सून सासऱ्याला भित्रा म्हणाली होती. बळवंत उठून उभा राहिला. "संपतदादा, बायकोला आत घे. न्हाईतर मी घालवतो."

"बळवंता, बस खाली," आबा म्हणाले.

तो बसला. आबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. आता ओरडतील, आता हाताला येईल ते उचलतील, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण गुडघ्यावरचा त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला नाही. तसाच थरथरू दिला. पागोळ्या गळत होत्या, यशोधरा भिजत होती.

"व्हय," आबा म्हणाले. "भ्यालोय."

त्यांनी डोळे उघडले आणि सरळ बळवंताकडं बघितलं. "तू म्हणालास न्हवं, मढ्याला कुणी यायचं न्हाई. त्येच. मेल्यावर एकटं पडायचं भ्या वाटतंय मला. आज न्हाई, लई दिवसांचं. राग बघत बसलो इतकी वर्सं. रागाच्या खाली हे बसलं हुतं, त्येच्याकडं कदी बघितलंच न्हाई."

"आबा, मी तुमच्या भल्यासाठी..."

"माझं भलं असू दे बाजूला." आबा उठले. गुडघा धरून, भिंतीला हात लावत, एखाद्या आजाऱ्यासारखे उठले. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. "यायचं न्हाई तर नका येऊ. मढ्याला काय कळतंय कोण आलं आन कोण न्हाई!"

ते पायऱ्या उतरले. डोक्यावर काही न घेता पावसात गेले. मी त्यांच्या मागं निघाले तर संपतनं माझा दंड धरला.

"तू कुठं? बायका जात न्हाईत तिथं."

"यशोधरा बाईच हाय न्हवं?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती घालमेल होती. बापाच्या मागं जावं की भावकीबरोबर राहावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. त्याचा हात सुटला. पण तो दारातून हलला नाही.

देवळापाशी खरंच माणसं होती. काठ्या खांद्याला लावून पारावर उभी. बळवंत आमच्या मागून धावत आला आणि त्यांच्या पुढं जाऊन थांबला. रस्ता तिथं अरुंद आहे. आबा पुढं, मग यशोधरा, मग मी. माझ्या पदरातून पाणी निथळत होतं.

"आबा, शेवटचं सांगतो," बळवंत म्हणाला.

"मघाशी सांगितलंस की," आबा न थांबता म्हणाले. "ऐकलं मी."

ते चालत राहिले. पुढचा गडी, बळवंताचाच मेहुणा, काठी आडवी धरून उभा होता. आबांची छाती त्या काठीला लागली. आबा मागं सरले नाहीत आणि काठीला हातही लावला नाही. "कापरं भरलंय बघ माझ्या अंगात," त्याला म्हणाले, "तरी बी जाणार हाय. बघ तुला मारू वाटत आसंल तर." त्या माणसानं बळवंताकडं बघितलं. बळवंत काही बोलला नाही. काठी खाली आली. आम्ही पलीकडं गेलो, आणि कितीतरी वेळ पाठीवर घाव बसेल म्हणून माझी मान आखडलेली होती.

पुढची सगळी घरं बैठकीतल्या माणसांची. गणपा सुताराचं दार आम्ही येताना अर्धं उघडं होतं, ते आम्ही जवळ आलो तसं लागलं. तलाठ्याच्या घरात रेडिओ चालू होता, तो बंद झाला. हौसाक्का खिडकीच्या गजांमागं दिसली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. रोज सकाळी आम्ही हातभर अंतरावर बसायचो. यशोधरा एकाही दाराकडं न बघता चालली होती, पण तिला सगळी दिसत होती.

शेडपाशी पोचलो आणि मी थबकले. वस्तीतली माणसं तिथं आधीच होती. बळवंताचे लोक देवळापाशी रस्ता अडवून बसले तोवर यांनी शेताच्या बांधानं मास्तरांना आणलं होतं. पत्र्याखाली तिरडी ठेवलेली, तिच्यावर पांढरं कापड, चार फुलं. आणि लाकडाच्या खोलीच्या दाराला टेकवून ठेवलेली एक लांब पहार.

आबांनी किल्ली कुलुपाला लावली आणि पहारीकडं बघितलं. "हे कशाला?"

वस्तीतले म्हातारे दगडूतात्या यशोधरेकडं बघायला लागले.

"कुलूप तोडायला," यशोधरा म्हणाली. "सकाळीच तुटलं असतं. सगळे निघालेले, मी अडवून धरलं. म्हटलं, एकदा विचारून येते."

"मग हे पयल्यांदाच का न्हाई केलंसा? तुमचा बी हक्क हाय शेडवर."

"आहे. तो मागायला मी तुमच्या दारात आले नव्हते, आबा."

"मग कशाला आलतीस?"

तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. त्यात पाऊस किती आणि रडू किती हे कळत नव्हतं. "बाबांचा सगळ्यांवर विश्वास होता. म्हणायचे, बसतायत ना माणसं, बदलतील. मी म्हणायचे, नुसती बसतायत. मरेपर्यंत आमचं यावरून भांडण. त्यांना पेटवायच्या आधी मला एकदा बघायचं होतं, दोघांत कोण खरं."

आबांचा हात कुलुपावरच राहिला. "मग? काय दिसलं?"

यशोधरा वळली. ओल्या रस्त्यावरून गावापर्यंत नजर नेऊन तिनं परत आणली आणि आमच्या दोघांवर ठेवली.

"बसायला सारं गाव होतं," ती म्हणाली. "उठायला दोघं."

मला रडू कोसळलं. आबा रडले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि पहिलं लाकूड स्वतः उचलून बाहेर आणलं. मग एकेक ओंडका वस्तीतल्या माणसांच्या हातांतून सांगाड्यावर चढत गेला. आबा कुणाच्या हातातून लाकूड घेत होते, कुणाच्या हातात देत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा हात वस्तीतल्या माणसाच्या हाताला लागताना बघितला. सरण रचून झालं. मास्तरांना वर ठेवलं. दगडूतात्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, आणि जे आले होते ते सगळे हात जोडून उभे राहिले. मला ते शब्द येत नव्हते, म्हणून मी नुसते हात जोडले. यशोधरेनं चूड पेटवून हातात घेतली.

तेवढ्यात आबा शेडच्या बाहेर गेले. पावसात, उंचवट्याच्या कडेला, गावाकडं तोंड करून उभे राहिले आणि ओरडले.

"गणपाऽऽ! ए गणपा सुताराऽऽ!"

तो आवाज गाव विसरलं होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण मी तो विसरले नव्हते. याच आवाजापाठोपाठ चरवी यायची.

"तलाठीऽऽ! हौसाक्काऽऽ! दार लावून काय बसलायसाऽऽ? मास्तर चाललाय! उठा की आताऽऽ! डोळं उघडा आन उठाऽऽ!"

एकेकाचं नाव घेऊन ते हाका मारत होते. बैठकीत जो जो बसत होता त्याचं त्याचं. घसा फाटला, खोकल्याची उबळ आली, तरी थांबले नाहीत. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. तो बैठकीत कधी बसला नव्हता, तरी घेतलं. "संपाऽऽ! ए पोराऽऽ!" तेवढ्या हाकेत राग नव्हता. मग ते धापा टाकत उभे राहिले.

रस्ता मोकळाच होता. देवळाकडून कुणाचा तरी चढा आवाज आला, बहुतेक बळवंताचा. मग बराच वेळ नुसता पत्र्यावरचा पाऊस.

पहिला दिसला गणपा. उघडाबोडका, चिखलातून पडत-झडत पळत येत होता. आला तो कुणाकडं न बघता मास्तरांच्या पायांशी वाकला आणि तिथून उठेचना. त्याच्या मागून काठी टेकत हौसाक्का, तिच्या शेजारी तलाठ्याची बायको. हौसाक्का आपल्या पोराच्या माणसांमधून कशी वाट काढून आली असेल देव जाणे. बांगडी फुटलेल्या मनगटातून रक्त येत होतं. मी तिला धरून आत घेतलं. ती यशोधरेपुढं उभी राहिली आणि तिच्या ओल्या खांद्यावर तिनं डोकं ठेवलं. सगळी आली नाहीत. बैठकीतली अर्धीही आली नाहीत. जी आली ती पत्र्याखाली मावतील तशी अंगाला अंग लावून उभी राहिली.

अंधारून यायला लागलं होतं. चूड फुरफुरत होती.

"यशू, लाव आता," दगडूतात्या म्हणाले. "विझंल ती."

यशोधरा पुढं झाली. चूड सरणाला लावायला वाकली आणि तशीच थांबली. देवळाच्या वळणावर एक माणूस दिसत होता. घोंगड्याची खोळ डोक्यावरून गुडघ्यापर्यंत ओढलेली. बाप्या की बाई, कुणाच्या घरचा, कुठल्या आळीचा, काही कळत नव्हतं. चिखलातून एकेक पाऊल काढत तो आमच्याकडंच येत होता.

"यशू, विझतीया," दगडूतात्या पुन्हा म्हणाले.

काल रात्रीपासून जिला एक क्षण थांबता येत नव्हतं, तिनं चुडीवर हाताचा आडोसा धरला.

"थांबा," ती म्हणाली. "कुणीतरी येतंय."